साथीच्या साली जन्मलेली



आपल्याकडच्या जुन्या बायकांना जन्मतारीख विचारली तर ती क्वचितच सांगता यायची. "मी प्लेगच्या साली झाले," असं एखादी म्हणायची. दुसरी म्हणायची, "मानमोडी आली तेव्हा मी पोटात होते म्हणे." शाळेच्या दाखल्यावर मग गुरुजी अंदाजाने एक जून टाकून मोकळे व्हायचे. लहानपणी हे ऐकून आम्हा मुलींना हसू यायचं. आता वाटतं, त्या एका वाक्यात केवढा इतिहास होता! साथीच्या साली जन्मलेली मुलगी वय सांगायला उरली, म्हणजे त्या साली कुणीतरी तिच्या आईचं बाळंतपण केलं होतं, कुणीतरी तिला दूध पाजलं होतं.

मी कॉमर्सची पदवीधर. हिशोबाच्या दोन्ही बाजू बघायची सवय लागलेली. साथीच्या इतिहासात नावेची बाजू भरलेली असते: किती मेले, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात. जमेची बाजू मात्र बहुतेक कोरीच. खरं तर साथ आली म्हणून पोटातलं मूल थांबत नाही. नऊ महिने भरले की ते येतंच, मग बाहेर लष्कर उभं असो, गाव ओस पडलेलं असो, नाहीतर रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी असो. म्हणून आज साथीतल्या बाळंतिणींबद्दल आणि त्या साली जन्मलेल्या लेकरांना आपण काय म्हटलं, त्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे.

प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. तो ओळखला मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून बाहेर पडली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगाचा कायदा केला. (२०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्याने वापरला तो हाच कायदा!) या कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, माणसाला उचलून इस्पितळात नेण्याचा आणि प्रवाशांना गाडीतून उतरवून तपासण्याचा अधिकार मिळाला.

प्लेगची गाठ येते काखेत नाहीतर जांघेत. तपासणी म्हणजे तिथेच बघायचं, आणि बघणारे परके पुरुष. पुण्यात मार्च ते मे १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. त्याची चीड किती होती ते चापेकर बंधूंच्या इतिहासामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या झडतीच्या वेळी एखाद्या घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दोन दिवसांची ओली बाळंतीण असेल, तर तिचं काय झालं असेल? बाळंतपणानंतर अंग तापणं ही त्या काळी नेहमीची गोष्ट. दूध चढतानाही ताप यायचा, बाळंतरोगातही यायचा. पण प्लेगच्या दिवसांत अंग तापलं की घरच्यांपुढे दोन भीती उभ्या राहायच्या. ताप प्लेगचा असेल ही एक, आणि प्लेगचा नसतानाही तिला उचलून नेतील ही दुसरी. मग ताप लपवला जाई. लपवलेल्या तापाला औषध कोण देणार? खरोखर प्लेग झालेल्या गर्भारशीचं तर मूल बहुधा टिकतच नसे, आणि बऱ्याचदा तीही जाई.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात प्लेग आला की गाव सोडून माळावर नाहीतर मळ्यात झोपड्या घालून राहायची रीत पडली. उंदीर पडायला लागले की सगळं गाव उठायचं. कितीतरी बायकांची बाळंतपणं अशा कुडाच्या झोपडीत झाली. भिंतीला चुना नाही, दाराला कडी नाही, शेक द्यायला घरची शेगडी नाही. तरी एक मात्र खरं, की मोकळ्या हवेतली ती झोपडी गावातल्या कोंदट घरापेक्षा बाळंतिणीला जास्त मानवली असेल. प्लेगचा उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू दोन्ही गावातच राहिलेले असत.

या प्लेगच्या इतिहासात मला दोन बायका फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिल्या सावित्रीबाई फुले. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई सगळ्यांना माहीत आहेत. पण १८६३ मध्ये जोतिराव आणि त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, ते आपण विसरतो. फसलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. त्यांची बाळंतपणं सावित्रीबाई स्वतः करत. अशाच एका काशीबाई नावाच्या विधवेचं मूल या दोघांनी दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा या मायलेकांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

यशवंताचा जन्म झाला तेव्हा लोकांनी त्याला काय काय म्हटलं असेल, त्याची कल्पना आपण सगळ्या करू शकतो. जन्मालाच यायला नको होतं, असं ज्याच्याबद्दल बोललं गेलं, तोच साथीच्या दिवसांत माळावर बसून लोकांना औषध देत होता. माझ्या लेखाचं अर्धं म्हणणं या एका उदाहरणात येऊन जातं.

दुसऱ्या डॉ. रखमाबाई. मनाविरुद्ध लहानपणी झालेलं लग्न मी मानणार नाही, असं कोर्टात सांगणाऱ्या त्या याच. लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. सुरत म्हणजे आपल्या समाजाचं मोठं गाव. पण इस्पितळात बाळंत होणं अशुभ, असं तेव्हा सगळ्याच समाजांत मानत. बाई यायलाच तयार नाही. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीचं बाळंतपण इस्पितळात केलं आणि बायकांना दाखवलं, अशी आठवण सांगितली जाते. मुकी आई सुखरूप सुटली, तर तुम्ही का नाही सुटणार? हळूहळू बायका येऊ लागल्या. पुढे सुरतेत प्लेग आला तेव्हाही रखमाबाई इस्पितळ सोडून गेल्या नाहीत. साथीत विश्वासाची बाई जागेवर असणं म्हणजे काय, हे ज्यांचं बाळंतपण अडलेलं असतं त्यांनाच कळतं.

मानमोडी

प्लेगपेक्षा मोठा घाला १९१८ चा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. महायुद्धावरून येणाऱ्या बोटींबरोबर इन्फ्लुएंझा आला होता. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली. मग आगगाडीबरोबर ताप गावोगाव पोहोचला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत, कारण माणूस मान टाकायचा.

त्याच वर्षी पाऊस पडला नाही. धान्य महागलं. म्हणजे ताप आला तेव्हा घरात पोटभर अन्नही नव्हतं. भारतात किती माणसं गेली याचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. १९११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, १९२१ मध्ये ती २५ कोटी १३ लाख भरली. जनगणना सुरू झाल्यापासून लोकसंख्या कमी झालेलं हे एकच दशक.

या आकड्यांमध्ये बायकांसाठी वेगळी ओळ आहे. इतर अनेक देशांत त्या तापाने पुरुष जास्त मेले, पण भारतात बाया जास्त गेल्या, आणि त्यातही वीस ते चाळीस या वयाच्या. म्हणजे नेमक्या लेकुरवाळ्या. त्याचं कारण शोधायला मोठ्या पुस्तकाची गरज नाही. घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं? शेवटी कोण जेवतं? दुष्काळात शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय उरतं?

त्यातही गर्भार बाई असेल तर धोका दुप्पट. १९१९ मध्ये अमेरिकेत हॅरिस नावाच्या डॉक्टरांनी इन्फ्लुएंझा झालेल्या १३५० गर्भवतींची माहिती गोळा केली. त्यांतल्या २७ टक्के, म्हणजे चौघींमधली एक, दगावली होती. ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त गेल्या. याची कारणं आज डॉक्टर सांगतात. पोटातलं बाळ वाढलं की छातीचा पडदा वर सरकतो आणि फुप्फुसांना जागा कमी पडते. दोघांसाठी श्वास घ्यायचा असल्याने प्राणवायू मात्र जास्त लागतो. शिवाय मूल अंगात टिकावं म्हणून शरीराची प्रतिकाराची रीतच त्या दिवसांत बदलते. यात कुणाचा दोष नाही, पाप नाही, नजर लागणं नाही. शरीराचा धर्मच तो.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण १९१८ साली हे कुणाला माहीत नव्हतं. आई गेली आणि मूल जगलं, तर त्याचा अर्थ लोकांनी आपल्या पद्धतीने लावला. माझ्या सासूबाईंच्या आई मानमोडीतल्या. त्या जन्मल्या तेव्हा घरात तिघं अंथरुणाला खिळलेली होती. सहाव्या दिवशी त्यांची आई गेली, पाठोपाठ आजोबा गेले. सहा दिवसांची पोर उरली ती आत्याच्या पदरात. आत्याने बोळ्याने गाईचं दूध पाजून पाहिलं. बोळ्याने दूध पिणारा हा शब्द आपण आता भोळसट माणसासाठी चेष्टेत वापरतो, पण आई नसलेल्या लेकराच्या तोंडात दुधाने भिजवलेला कापूस पिळणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते करणाऱ्यालाच माहीत. पोर दूध टाकून देई. शेवटी शेजारच्या मळ्यातली एक बाई आली. तिचं स्वतःचं तान्हं त्याच आठवड्यात गेलं होतं. तिने या पोरीला चार महिने अंगावर पाजलं. ती आपल्या समाजाची नव्हती, तिच्या घरी मांसाहारही होता. त्या दिवसांत ते कुणी विचारलं नाही. पोर जगल्यावर मात्र ती गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

आणि पोरीला काय मिळालं? "पांढऱ्या पायाची." आली ती आईला आणि आजोबाला खाऊन. लग्नात ओवाळायला तिला पुढे बोलवत नसत. डोहाळजेवणात ओटी भरायला बसवत नसत. पुढे तिने सात लेकरं वाढवली, दुष्काळात आठ घरांना पुरेल एवढं धान्य राखलं, गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची झाली. तरी म्हातारपणी एकदा ती सासूबाईंना म्हणाली, "बाई, मी तेव्हा सहा दिवसांची होते. मी काय करू शकणार होते?" सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सोयर

बाळंतिणीची वेगळी खोली आणि सोयर याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण साथीत त्याचा अर्थ बदलतो. आपल्यात दहा दिवस घराला सोयर, आणि आईने दीड महिना बस्तीत जायचं नाही. सवा महिना ती चुलीपाशी नाही, विहिरीवर नाही. पाहुणेरावळे लांब. जुन्या बायकांच्या खांद्यावर कामाचा केवढा डोंगर असे ते आठवलं, तर हे दिवस म्हणजे तिला मिळालेली एकुलती एक सुट्टी होती. साथीच्या दिवसांत माणसांची ये-जा बंद होणं तर फायद्याचंच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुंठीचा सांजा, बाळंतशेपा आणि ओवा हे सगळं अंगात ताकद आणणारं. नवजात लेकराच्या जिभेला मध चाटवायची रीत आपल्यात नव्हती, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं आता डॉक्टरही सांगतात.

पण त्याच खोलीची दुसरी बाजूही होती. खिडकी बंद, आत धुरी, जुनी लुगडी, सुईणीच्या हाताला साबण नाही. "विटाळ" हा शब्द मधे आला की मदत करणारेही उंबऱ्याबाहेर थांबत. पाण्याचा तांब्या दारातून आत सरकवला जाई. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं की बाळंतपण करणाऱ्याने औषधी पाण्याने हात धुतले तर बाळंतरोगाने मरणाऱ्या बाया एकदम कमी होतात. म्हणजे धोका बाळंतिणीपासून दुसऱ्यांना नव्हता, दुसऱ्यांच्या हातांपासून तिला होता. सोयर पाळताना हे उलटं झालं तिथे रीत राहिली आणि बाई गेली. विश्रांती म्हणून वेगळं ठेवणं आणि किळस म्हणून वेगळं टाकणं, या दोहोंत फरक आहे. साथ आली की तो फरक उघडा पडतो.

कोविड

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. त्याआधी आठवडाभर पुण्यात एक गोष्ट घडली. मिनल दाखवे भोसले या विषाणुतज्ज्ञ बाईंच्या गटाने कोरोना तपासणीचा देशी संच सहा आठवड्यांत तयार केला. गरोदरपणातल्या त्रासामुळे इस्पितळात राहून आल्यावर काही दिवसांतच त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. १८ मार्चला संच तपासणीसाठी सादर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. साथीच्या साली जन्मलेली ही पोर कोणत्या पायाची म्हणायची?

दुसरी बातमी मे महिन्यातली. नाशिकहून मध्य प्रदेशातल्या सतन्याकडे पायी निघालेली एक मजूर बाई आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. थोडा वेळ टेकली, आणि तान्हं घेऊन सुमारे दीडशे किलोमीटर चालत बिजासनच्या नाक्यापर्यंत पोहोचली. आपण तेव्हा घरात बसून पापड वाळवत होतो, ऑनलाइन प्रवचनं ऐकत होतो. सवा महिना बाळंतिणीने जमिनीवर पाय टेकवू नये असं म्हणणाऱ्या देशात हे घडलं.

मुंबईचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० पासून कोविडसाठी राखलं गेलं आणि तिथे पॉझिटिव्ह असलेल्या हजारावर मातांची बाळंतपणं झाली. सुरुवातीला जगात अनेक ठिकाणी बाळाला आईपासून लगेच वेगळं करत होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की आईने हात धुवावेत, मास्क लावावा आणि बाळाला जवळ घेऊन अंगावर पाजावं. दूध तोडू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या आत्याला जे बोळ्याने करावं लागलं, ते निदान यावेळी वाचलं.

पण सगळं निभावलं असंही नाही. महाराष्ट्रात कोविड झालेल्या गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची वेगळी नोंद ठेवण्याचं मोठं काम डॉक्टरांनी केलं. म्हणजे यावेळी ती कोरी बाजू भरायला कुणीतरी बसलं होतं. त्या नोंदीतला एक अभ्यास सांगतो: पहिल्या लाटेत ११४३ जणींपैकी ८ गेल्या, दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. टक्केवारी काढून बघा, एकाला एक टक्काही भरत नाही, दुसऱ्याला साडेपाचाच्या वर जाते. आणि गर्भवतींना लस द्यायला आपल्या सरकारने परवानगी दिली ती २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरत आल्यावर. १९१९ साली हॅरिस यांनी जे मांडलं होतं, २००९ च्या स्वाइन फ्लूत जे पुन्हा दिसलं, तेच तिसऱ्यांदा शिकावं लागलं. साथ आली की गर्भार बाईचा विचार आधी व्हायला हवा, आणि प्रत्येक वेळी तो शेवटी होतो.

माझी भाची त्याच दुसऱ्या लाटेत बाळंत झाली. नाव नोंदवलेल्या प्रसूतिगृहाने ऐनवेळी घेतलं नाही, दुसरीकडे जावं लागलं. तिची आई शंभर किलोमीटरवर अडकलेली, फोनवरून शेक कसा द्यायचा ते सांगत होती. बाळ वीस दिवसांचं असताना भाचीचे सासरे गेले. भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं, सगळे फोनच करत होते. त्यातला एक फोन आला, "मुलगी झाली आणि लगेच हे झालं बघा. पायगुण म्हणायचा की काय!" म्हणणारी बाई शिकलेली, रोज बस्तीत जाणारी. १९१८ पासून २०२१ पर्यंत एवढं सगळं बदललं, आणि हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं.

आपला धर्म काय सांगतो

मैत्रिणींनो, पायगुण हा शब्द आपल्या तत्त्वज्ञानात बसतच नाही. प्रत्येक जीवाचं आयुकर्म त्याचं त्यानेच बांधलेलं असतं, हे आपण पाठशाळेत शिकलो. आजोबांचं आयुष्य वीस दिवसांच्या नातीच्या पावलांवर ठरतं असं मानणं म्हणजे कर्मसिद्धांतच नाकारणं. आणि कुणी म्हणेल, मग त्या बाळाच्या कर्मामुळेच आई गेली, तर तेही उलटंच. कर्माचा विचार स्वतःकडे बघायला दिला आहे, दुसऱ्याला बोल लावायला नाही.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं तिसरं अंग निर्विचिकित्सा. किळस न करणं. उद्दायन राजाची कथा आपल्याला माहीत आहे. रोगाने अंग सडलेल्या मुनींच्या रूपात एक देव परीक्षा बघायला आला. आहार घेऊन त्याने राजावर आणि प्रभावती राणीवर वांती केली. दोघांनी नाक मुरडलं नाही. उलट, आपण दिलेल्या आहारातच काही चुकलं असेल म्हणून हळहळले आणि स्वतःच्या हाताने त्यांचं अंग धुतलं. ही कथा आपण मुनींच्या सेवेपुरती ठेवतो. पण रक्तामांसाचं शरीर सगळ्यांचं सारखंच, आणि ते सगळ्यांत उघडं पडतं बाळंतपणात. मुंढव्याच्या त्या मुलाला पाठीवर घेणाऱ्या सावित्रीबाई, सुरतेच्या रखमाबाई, मळ्यातली ती दूध पाजणारी शेजारीण, तापाने फणफणलेल्या बाईचं बाळंतपण करणाऱ्या नायरच्या डॉक्टर आणि नर्सबाई, या सगळ्यांनी हे अंग आपल्यापेक्षा जास्त पाळलं असं मला वाटतं.

चार दानांत औषधदान आहे आणि अभयदान आहे. साथीत बाळंतिणीला दोन्ही लागतात. म्हणून आमच्या महिला मंडळापुढे मी चार गोष्टी ठेवल्या आहेत, त्या तुमच्यापुढेही ठेवते. आपल्या भागातल्या गरोदर सुनांची आणि लेकींची यादी मंडळाने ठेवावी, शेजारच्या कामकरी बायकाही त्यात धराव्यात. प्रत्येकीसाठी एक जवळचं आणि एक दुसरं, अशी दोन रुग्णालयं आणि गाडी आधीच ठरलेली असावी. सवा महिना डबा पोचवणारी दोन घरं नेमावीत. आणि डॉक्टरांनी सांगितलेली लस वेळेवर घ्यायला तिच्याबरोबर कुणीतरी जावं. यासाठी साथीची वाट बघायला नको.

दुधाचंही आठवणीत ठेवा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये मातेच्या दुधाची पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. आता इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. आईचं दूध मिळू न शकणाऱ्या अशक्त लेकरांना तिथलं दूध दिलं जातं. देणारी कोण, घेणारं कुणाचं, ते कुणी विचारत नाही. ज्यांना दूध जास्त आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. मळ्यातल्या त्या बाईचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, तिचं ऋण असंच फेडता येईल.

आणि २०२० किंवा २०२१ साली झालेलं एखादं लेकरू तुमच्या घरात असेल, त्या वर्षी घरातलं कुणी गेलंही असेल. ते आता शाळेत जाऊ लागलं आहे, मोठ्यांचं बोलणं त्याला कळतं. त्याला एवढंच सांगा: तू झालास, तू झालीस, तेव्हा दिवस फार वाईट होते, आणि तरी इतक्या जणांनी मिळून तुला आणलं. त्या माणसांची नावंही सांगा. डॉक्टर, नर्स, गाडीवाला, डबा देणारी काकू, सगळी. त्याच्या हिशोबाची जमेची बाजू भरलेली राहू द्या.

जय जिनेंद्र.